वस्तीचे दोन तुकडे होत असतील तर हरकत कशी घ्यायची, थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नगरपरिषदेची प्रारूप प्रभाग रचना आली, त्यात तुमची वस्ती फुटून दोन गल्ल्या ६ नंबरला आणि एक गल्ली ७ नंबरला गेली, आता हरकत घेऊन काही होतं का की सगळं वरूनच ठरलेलं असतं, आणि "आमचा समाज एकत्र ठेवा" असं अर्जात लिहिलं तर चालतं का. मी नगरपरिषदेत नोकरीला होतो, २००१ पासून पुढच्या प्रत्येक प्रभाग रचनेच्या वेळी नकाशाच्या टेबलावर बसलोय, आणि निवृत्त झाल्यावर टेबलाच्या पलीकडे, म्हणजे हरकती घेणाऱ्या लोकांबरोबर बसतोय. त्यामुळे दोन्ही बाजू बघून सांगतो. उत्तर लांब होईल पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

होतं. हरकतीचा उपयोग होतो. पण बहुतेक हरकती ज्या पद्धतीने लिहिलेल्या असतात त्या पद्धतीने नाही होत, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण लोकांचं म्हणणं बरोबर असतं पण कागदावर ते येतच नाही.

आधी हे समजून घ्या की नकाशा काढणारा माणूस बघतो काय. त्याच्यासमोर वस्ती नसते, गल्ली नसते, त्याच्यासमोर जनगणनेचे प्रगणक गट असतात. एक प्रगणक गट म्हणजे साधारण सहा-सातशे माणसं, एका प्रगणकाने घरोघरी जाऊन मोजलेला तुकडा. २०२५ ची प्रभाग रचनासुद्धा २०११ च्या जनगणनेवरच झाली कारण त्यानंतर जनगणनाच झाली नाही. म्हणजे २०११ नंतर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांतली माणसं त्या आकड्यात नाहीतच. सुनावणीत लोक ओरडून सांगतात की आमच्या भागात पाच हजार लोक राहतात आणि तुमच्या कागदावर सातशेच कसे, तर ते खरंच असतं पण अधिकाऱ्याला कागदावरचा आकडाच धरावा लागतो, तिथे वाद घालण्यात तुमची वेळ जाते आणि तुम्हाला मिळणार असतात जेमतेम पाच मिनिटं.

रचना कशी करायची याचे निकष राज्य निवडणूक आयोगाच्या आणि शासनाच्या आदेशात लिहिलेले असतात, ते आदेश मिळवून वाचाच, फार पानं नसतात. उत्तरेकडून सुरुवात करायची, मग ईशान्य, मग पूर्व, तिथून पश्चिमेकडे सरकत सरकत शेवट दक्षिणेला. प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या १० टक्के वर किंवा खाली एवढ्यातच बसवायची. हद्द शक्यतो मोठा रस्ता, नदी, नाला, रेल्वे लाइन, डोंगर अशी जमिनीवर दिसणारी हवी. प्रगणक गट शक्यतो फोडायचा नाही. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचं शक्यतो विभाजन करायचं नाही. हा "शक्यतो" शब्द फार महत्त्वाचा. तो तुमच्या बाजूने पण आहे आणि विरुद्ध पण. अधिकारी म्हणतो शक्य नव्हतं. मग शक्य होतं हे दाखवून द्यायचं काम तुमचं, आणि ९० टक्के अर्जांत तेच नसतं.

आता तुमचंच उदाहरण घेतो, आकडे हिशोबाला सोपे म्हणून मी धरलेत. समजा गावाची लोकसंख्या ६०,०००, सदस्य ३०, म्हणजे एका सदस्यामागे २,०००, प्रभाग द्विसदस्यीय म्हणून सरासरी ४,०००, आणि १० टक्के वर-खाली म्हणजे ३,६०० ते ४,४०० च्या मध्ये प्रत्येक प्रभाग बसला पाहिजे. तुमची वस्ती तीन प्रगणक गटांची, ६८०, ६४० आणि ५९०. पहिले दोन ६ नंबरला, तिसरा ७ नंबरला. ६ ची लोकसंख्या ४,१५० आणि ७ ची ३,८२०. आता तुम्ही नुसतं लिहिलं की आमचा तिसरा गट ६ मध्ये आणा, तर ६ होतो ४,७४०, मर्यादेच्या बाहेर, अर्ज फेटाळला, अधिकाऱ्याचीही चूक नाही. पण तुम्ही जर लिहिलं की आमचा ५९० चा गट ६ मध्ये घ्या आणि ६ मधला नाल्यापलीकडचा ६१० चा गट, जो तसाही ७ च्या बाजूला चिकटून आहे, तो ७ ला द्या, तर ६ होतो ४,१३० आणि ७ होतो ३,८४०, दोन्ही बसतात, शिवाय नाला ही हद्द होते जी आदेशातल्या निकषाला धरूनच आहे. आता अधिकाऱ्याला "शक्य नव्हतं" असं लिहिता येत नाही. मी टेबलाच्या अलीकडे असताना असा अर्ज आला की आम्ही खरंच थांबून नकाशा परत बघायचो, कारण तो अर्ज फेटाळायला कारण द्यावं लागायचं आणि कारण सापडायचं नाही.

एक मात्र बघा, की ज्या ६१० लोकांना तुम्ही पलीकडे ढकलताय त्यांची पण वस्ती असते. त्यांच्याशी आधी बोला. त्यांची सही असेल तर तुमची हरकत दुप्पट वजनाची होते, आणि ते दुसऱ्या दिवशी उलट हरकत घेऊन आले तर दोन्ही अर्ज एकमेकांना खातात. मी हे घडताना बघितलंय, दोन शेजारच्या वस्त्या सुनावणीत एकमेकींवर तुटून पडल्या आणि रचना होती तशीच कायम झाली, ज्यांनी ती मुद्दाम तशी आखून घेतली होती त्यांना बोट पण उचलावं लागलं नाही.

हे आकडे कुठून आणायचे हा प्रश्न येतो. प्रारूप रचनेसोबत प्रभागाची व्याप्ती, चतुःसीमा आणि नकाशा प्रसिद्ध होतो, आणि कोणत्या प्रभागात कोणते प्रगणक गट आणि त्यांची लोकसंख्या किती हेही निवडणूक विभागाकडे असतंच. लेखी मागा, त्याच दिवशी मागा, कारण हरकतीची मुदत थोडी असते आणि माहिती अधिकारात अर्ज करून ३० दिवस वाट बघत बसलात तर तोवर अंतिम रचना येऊन जाते.

आता मुख्य गोष्ट, वस्ती "एक" आहे हे सिद्ध कसं करायचं. इथे मी एक प्रसंग सांगतो. एका सुनावणीत एकाच मजकुराचे चारशेच्या वर अर्ज आले होते, झेरॉक्स, खाली फक्त नाव आणि सही वेगळी. मजकूर काय, तर "आम्ही पिढ्यानपिढ्या एकत्र राहतो, आमच्या भावना दुखावल्या आहेत, वस्ती फोडू नये". सगळे मिळून एक मुद्दा धरला गेला आणि पाच मिनिटांत निकाली. त्यानंतर एक आजी उभ्या राहिल्या, त्यांनी अर्ज पण नीट लिहिलेला नव्हता. त्या म्हणाल्या, साहेब आमच्या तिन्ही गल्ल्यांना पाण्याचा एकच व्हॉल्व्ह आहे, तो एकाच टायमाला सुटतो, मागच्या वेळेस आमची गल्ली दुसऱ्या नगरसेवकाकडे गेली तर पाणी आलं नाही की हा म्हणतो त्याच्याकडे जा आणि तो म्हणतो व्हॉल्व्ह माझ्या हद्दीत नाही, पाच वर्षं आम्ही दोघांच्या दारात चकरा मारल्या. सुनावणी घेणारे अधिकारी बाहेरचे होते, त्यांनी तिथल्या तिथे पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला विचारलं की हे खरं आहे का, तो म्हणाला खरं आहे, आणि त्यांनी लिहून घेतलं. ती वस्ती एकत्र आली. चारशे झेरॉक्सनी जे झालं नाही ते एका व्हॉल्व्हने झालं.

मला वाटतं वस्ती म्हणजे काय याची यापेक्षा चांगली व्याख्या नाही. ज्यांचं गाऱ्हाणं एक आहे आणि ते एकाच दारात नेऊन मांडावं लागतं ती वस्ती. पाण्याची लाइन, ड्रेनेज कुठे तुंबतं, पावसाळ्यात नाला कुठे चढतो, पोरं कोणत्या शाळेत जातात, रेशन दुकान कोणतं, दवाखाना कोणता, स्मशानभूमीचा रस्ता कुठून जातो, झोपडपट्टी असेल तर घोषणेचा आदेश आणि पुनर्वसनाची फाइल एकच आहे का. या प्रत्येकाचा कागद असतो. पाणीपट्टीची बिलं, शाळेचा पटसंख्येचा दाखला, जुन्या तक्रार अर्जांच्या पोचपावत्या, आपत्तीच्या वेळचे पंचनामे. ते जोडा. भावना खोटी असते असं मी म्हणत नाहीये, भावना या सगळ्यातूनच येते, पण अधिकाऱ्याला अहवालात भावना लिहिता येत नाही, व्हॉल्व्ह लिहिता येतो.

आता समाजाचं. हा प्रश्न अवघड आहे आणि यावर लोकांची मतं टोकाची असतात. एक म्हणतो जातीच्या धर्माच्या नावाने सीमा आखू नयेत, दुसरा म्हणतो आमची मतं फोडण्यासाठीच रेषा आमच्या मधून जाते मग आम्ही समाज म्हणून बोलायचं नाही तर कसं बोलायचं. मला दुसऱ्याचं दुःख जास्त खरं वाटतं, कारण मी रेषा तशा जाताना बघितल्यात. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत तर नियमच आहे, तिथे वस्तीचं नाव, लोकसंख्या, टक्केवारी बिनधास्त लिहा. त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे जी लोकांना उशिरा कळते. अनुसूचित जातीच्या राखीव जागा प्रभागांतल्या त्यांच्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने ठरतात. वस्ती दोन प्रभागांत फुटली की दोन्हीकडची टक्केवारी खाली येते, तुमचा प्रभाग त्या क्रमात मागे जातो आणि राखीव जागा भलत्याच भागात पडते. म्हणजे रेषा एक, नुकसान दोन. म्हणून हरकतीत हा हिशोब पण मांडा, आत्ताच्या रचनेत तुमचा प्रभाग क्रमात कितवा आणि तुम्ही सुचवलेल्या रचनेत कितवा.

इतर समाजांसाठी असा लेखी निकष नाही, तिथे "आमचा अमुक समाज" एवढंच लिहिलंत तर अर्ज बाजूला पडतो. तीच गोष्ट वस्तीची, कामधंद्याची, सोयीची म्हणून लिहा. विणकरांची वस्ती असेल तर मागांची, विजेची, सांडपाण्याची अडचण एक आहे हे लिहा, मच्छीमारांची असेल तर बंदर, जेट्टी, जाळी वाळवायची जागा लिहा. हे लपवाछपवी म्हणून सांगत नाहीये, प्रतिनिधीकडे तुमचं काम याच गोष्टींचं असतं म्हणून सांगतोय.

आणि कोणत्याही परिस्थितीत अर्जात असं लिहू नका की आमचे अमुक नगरसेवक चांगले आहेत त्यांच्या प्रभागातून आम्हाला काढू नका. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात नागरिकांचा आयोग मतदारसंघ आखतो, तिथे घटनेतच लिहून ठेवलंय की समान हिताचा समूह एकत्र ठेवायचा पण राजकीय पक्ष, विद्यमान सदस्य किंवा उमेदवार यांच्याशी असलेलं नातं हे समान हित धरायचं नाही. आपल्याकडे असं लिहिलेलं नसलं तरी सुनावणीतल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात तेच असतं, नगरसेवकाचं नाव दिसलं की त्याला वाटतं हा अर्ज त्यानेच लिहून दिलाय, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

यापुढे जरा थांबून विचार करायची गोष्ट. एकत्र राहणं दर वेळी फायद्याचंच असतं का. नाही. समजा तुमचा समूह मोठा आहे, दोन प्रभागांत मिळून निम्मा निम्मा, दोन्हीकडे तुमच्या मताशिवाय कोणी निवडून येऊ शकत नाही. आता "आम्हाला एकत्र ठेवा" म्हणून सगळे एका प्रभागात आलात तर तिथे तुमचा माणूस ८०-९० टक्के मतांनी येईल पण शेजारच्या प्रभागात तुम्हाला विचारणारा कोणी उरणार नाही. फोडणं हा जसा अन्याय तसं कोंबणं हाही अन्याय, आणि कोंबताना नाव एकत्र ठेवण्याचंच दिलं जातं. लहान वस्ती असेल, हजार दोन हजारांची, तर एकत्रच राहावं, तिचे तुकडे झाले की ती कुठेच दिसत नाही. मोठा भाग असेल तर वस्तीत बसून आधी ठरवा की नक्की काय हवंय, मग अर्ज लिहा.

बहुसदस्यीय पद्धतीने हे सगळं आणखी गुंतागुंतीचं झालंय. मुंबई सोडून राज्यातल्या महानगरपालिकांत २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार, मध्ये तीनचं ठरलं पण निवडणूकच झाली नाही, आणि २०२५ च्या रचनेत परत चार. पुण्यात ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक. दर वेळी रेषा नव्याने, दर वेळी शेजारी नवे. माणसाला आपला प्रभाग पाठ व्हायच्या आत तो बदलतो. चार सदस्यांच्या प्रभागात वस्ती फुटण्याची शक्यता कमी असते कारण प्रभागच मोठा, पण त्यात तुमची दोन हजारांची वस्ती साठ-सत्तर हजारांत विरघळून जाते आणि गाऱ्हाणं चौघांपैकी कोणाकडे न्यायचं हेच कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की वस्ती एकत्र ठेवायची असेल तर प्रभाग लहान आणि एका सदस्याचा हवा, आजींच्या त्या व्हॉल्व्हचं उत्तर द्यायला एकच माणूस हवा. मुंबईत २२७ प्रभाग एकेकाचेच आहेत, तिथे जमतं तर बाकीकडे का नाही जमणार हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

विधानसभा-लोकसभेचं पण दोन शब्दांत सांगतो कारण पुढच्या काही वर्षांत ते येणार आहे. १ मार्च २०२७ हा जनगणनेचा संदर्भ दिवस ठरलाय आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत राज्याराज्यांच्या जागांची संख्या गोठवलेली आहे, म्हणजे त्यानंतर परिसीमनाचा, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याचा विषय निघणारच. मागचा परिसीमन आयोग २००२ च्या कायद्याने आला, त्यात कलम ९ मध्ये लिहिलंय की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर हवेत आणि नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघायची. परत तेच "शक्यतो". त्या आयोगाच्या आदेशाने २००८ मध्ये रत्नागिरी आणि राजापूरच्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला, कराड आणि पंढरपूर ही लोकसभेची नावंच गेली. आणि जम्मू-काश्मीरमध्ये २०२२ च्या आदेशात पीर पंजाल डोंगररांगेच्या पलीकडचे राजौरी-पूंछ अनंतनागला जोडले, मधला मुघल रोड हिवाळ्यात बर्फाने बंद असतो हे लोकांनी हरकतीत सांगितलं, तरी तसंच राहिलं, आणि २०२४ मध्ये तिथलं मतदान ७ मे वरून २५ मे ला ढकलावं लागलं, कारण दिलं गेलं दळणवळणाच्या अडचणीचं. जी गोष्ट लोक आधी सांगत होते तीच. मुस्लिमांच्या परिस्थितीवरच्या २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे की काही राज्यांत मुस्लिम लोकसंख्या जास्त असलेले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आणि ज्यांत अनुसूचित जातींचं प्रमाण जास्त होतं ते खुले राहिले, म्हणजे एका रेषेत दोन समूहांचं नुकसान.

कोर्टाचं विचारलं नाहीत पण विचारणारच आहात. संविधानात कलम ३२९ आणि स्थानिक संस्थांसाठी २४३-ओ आणि २४३-झेडजी, यांनी परिसीमनाच्या कायद्याला कोर्टात आव्हान द्यायला मनाई केलीय. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढं म्हटलंय की आदेश उघड उघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय बघू शकतं, दार पूर्ण बंद नाही. पण त्या भरवशावर सुनावणी हलक्यात घेऊ नका. तुमचं खरं कोर्ट म्हणजे ती पाच मिनिटं. तिथे पाच माणसांनी पाच भाषणं करण्यापेक्षा एकानेच बोलावं, हातात मोठा नकाशा, त्यावर आत्ताची रेषा लाल आणि सुचवलेली हिरवी, खाली दोन्ही प्रभागांची लोकसंख्या, मागे कागद. वस्तीतली एखादी बाई बोलली तर फार चांगलं, पाण्याचं आणि दवाखान्याचं तिलाच जास्त माहीत असतं. आणि अर्जाची पोच, तारखेसकट, शिक्क्यासकट घ्या. एका ठिकाणी आम्ही मुदतीत दिलेल्या हरकतीची नोंदच रजिस्टरला सापडत नव्हती, पोच होती म्हणून सुनावणीला उभं राहता आलं.

समजा जिंकलात, रेषा सरकली, वस्ती ६ मध्ये एकत्र आली. तिथे बरेच लोक फटाके वाजवून घरी जातात आणि तिथेच फसतात. कारण त्यानंतर विधानसभेच्या मतदार यादीवरून प्रभागनिहाय यादी फोडली जाते आणि ते काम घाईत होतं, हद्दीवरच्या गल्लीतली शंभर दोनशे नावं सहज शेजारच्या प्रभागात पडतात. नकाशात वस्ती एक आणि यादीत फुटलेली. त्या प्रारूप यादीवर पण हरकतीची वेगळी मुदत असते, ती आणखीच थोडी. म्हणून आत्ताच प्रत्येक गल्लीतला एक वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी ठरवून ठेवा, यादी लागली की त्याच दिवशी अंतिम नकाशा हातात घेऊन गल्लीतलं घर अन् घर तपासायला बसवा, आणि चुकलेल्या नावांचे अर्ज मुदतीच्या आत तुमचे तुम्ही नेऊन द्या. तुमच्या बाबतीत पहिलं काम मात्र उद्याचंच, सकाळी निवडणूक विभागात जाऊन ६ आणि ७ च्या प्रगणक गटांची यादी लेखी मागायची.